सोबतीला कोणीतरी

अंधारात पाऊल टाकण्याआधी पाय आपटायची सवय मला अजून आहे. इमारतीच्या जिन्यातला दिवा गेलेला असला की टाच आपोआप जोरात पडते. ही सवय वेंगुर्ल्याच्या बाजूच्या आमच्या घरातली. तिथे दिवेलागणीनंतर परसात जायचं तर हातात काठी हवी आणि ती आपटत जायचं, असा शिरस्ता होता. सापाला बाहेरचे कान नसतात. जमिनीतून येणारी थरथर त्याच्या जबड्याच्या हाडातून आतल्या कानाशी पोचते आणि तो बाजूला होतो, हे मी फार पुढे वाचलं. आजीला त्या हाडाचं काही ठाऊक नव्हतं. ती काठी आपटायची आणि वर बोलायचीही, "सरा रे, मी येतय." कोणाला उद्देशून, ते तिने कधी सांगितलं नाही. सापाला असेल, बेडकांना असेल, माडाखाली आणखी जे कोणी उभं आहे अशी तिची समजूत होती त्यालाही असेल. त्या बोलण्यात आर्जव नव्हतं, दरडावणीही नव्हती. आठवडी बाजारात वाटेत उभ्या असलेल्या माणसाला जरा सर म्हणावं, तसा तो सूर होता. तिच्या पदराला धरून मी मागे असायची आणि तिच्या त्या तीन-चार शब्दांनंतर काळोख मला थोडा कमी काळा दिसायचा.

त्या घरात भीतीला जागा पुष्कळ होती. वीज आली होती, पण पावसाळ्यात ती दिवसचे दिवस तोंड दाखवायची नाही. मग ओटीवर कंदील, माजघरात चिमणी आणि देवापुढे समई, एवढ्यावर रात्र काढायची. माळ्यावर जुने पेटारे, फुटकी सुपं, एक मोडका पाळणा. मागीलदारी विहीर, विहिरीपलीकडे माड आणि माडांच्या पलीकडे बांधाला लागून पेंढा ठेवायचा मांगर. दिवसा याच जागा आमच्या खेळायच्या. दुपारी विहिरीच्या काठावर बसून तिखटमीठ लावलेली कैरी खाल्लेली असायची, आणि रात्री त्याच काठाकडे मान वळवायची हिंमत व्हायची नाही. पाठ फिरवून पळालं तर पाठीवर कोणीतरी हात ठेवील असं वाटायचं, म्हणून मी विहिरीकडे तोंड करून उलट्या पावलांनी दारापर्यंत यायची. पुढचं दिसतं, पाठीमागचं मात्र नुसतं ऐकावं लागतं. लहानपणीच्या बहुतेक भीती माझ्या पाठीच्या बाजूला राहायच्या.

ऐकण्यासारखं त्या घरात खूप होतं. दिवसभर तापलेली कौलं रात्री निवायला लागली की कट्‌कन आवाज करतात. वासे आणि आढं आकसतात, कुरकुरतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि मिटलेलं दार मध्येच आपोआप करकरतं. झोपेच्या काठावर असताना माडाची वाळलेली झावळी खाली येते, आणि तिचा आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. आधी वरून खसखस घसरत येते आणि मग सगळं परसू हादरल्यासारखा धप्प. माळ्यावरून कोणीतरी चालत जायचं. चार पावलं, मग थांबायचं, मग पुन्हा चार पावलं. मी आत्याच्या कुशीत शिरायची. ती अर्धवट झोपेत म्हणायची, "उदमांजर ता. केळ्यांका इला." माळ्यावर पिकत घातलेला केळ्यांचा घड दुसऱ्या दिवशी कुरतडलेला सापडायचा. पुरावा समोर होता, तरी पुढच्या रात्री पावलं वाजली की मी पुन्हा तिच्या कुशीत. आत्याने कधी "काल सांगितलं होतं ना" असं म्हटलं नाही. ती पुन्हा तेवढंच सांगायची, आणि तिचा हात माझ्या पाठीवर, जिथे मला भीती वाटायची नेमका तिथे, पडून राहायचा.

सगळ्यात मोठी भीती मांगरातली होती. एका वर्षी दिवाळीनंतर तिथून रात्री घोरण्याचा आवाज येऊ लागला. जड, घशातून ओढलेला श्वास, कोणाला तरी धाप लागावी तसा. मध्येच एखादी चिरकी किंकाळी. मांगरात पूर्वी कधीतरी कोणी गडी वारला होता, ही गोष्ट तोवर सगळे विसरले होते, ती अचानक सगळ्यांना आठवली. पेंढा आणायला संध्याकाळचं कोणी जाईना. गाऱ्हाणं घालायचं ठरलं, नारळ वेगळा काढून ठेवला गेला. शेवटी गावातल्या शाळेचे एक गुरुजी, ज्यांना पाखरांचा नाद होता, ते म्हणाले, आधी बघू या. रात्री शिडी लावली. बॅटरी घेऊन गुरुजी चढले. शिडी धरायला पुरुष माणसं मागेपुढे बघत होती, तेव्हा आत्या पुढे झाली. शिडीचे दोन्ही दांडे तिने घट्ट धरले, डोळे मिटले आणि रामरक्षा म्हणायला लागली. वर आढ्याच्या खोबणीत पांढऱ्या, हृदयाच्या आकाराच्या चेहऱ्याची पिल्लं एकमेकांना चिकटून बसली होती. गव्हाणी घुबडाचं घरटं. भुकेलेली पिल्लं रात्रभर घोरल्यासारखा आवाज करून आईबापांकडे खायला मागतात, आणि आईबाप पिसांच्या कडेला असलेल्या बारीक झालरीमुळे पंखांचा आवाज न करता येतात, उंदीर देतात, जातात. म्हणून मागणं ऐकू यायचं आणि देणारा कधी कळायचा नाही. खाली पेंढ्यावर उंदरांच्या हाडांचे आणि केसांचे ओकलेले गोळे पडले होते. त्या वर्षी आमच्या कणगीला उंदरांचा त्रास कमी झाला असं बाबा म्हणायचे.

मला त्या रात्रीतलं घुबड आठवतं, पण आत्या जास्त आठवते. शिडी धरताना तिला ठाऊक नव्हतं की वर पिल्लं आहेत. तिच्या लेखी वर तो गडीच होता. तिची भीती खोटी निघाली हे खरं, पण तिने शिडी धरली ती भीती खोटी निघण्याच्या आधी. दुसऱ्या दिवशी सगळे हसले, ती पण हसली. मात्र आदल्या रात्रीचं ते धरून राहणं हसण्यावारी न्यावं असं मला तेव्हाही वाटलं नाही. आपण एखाद्याची भीती निराधार होती असं म्हणतो तेव्हा निकाल लागल्यानंतरच्या उजेडात उभे राहून म्हणतो. ज्याने ती रात्र काढली त्याच्याकडे तो उजेड नव्हता.

पाठीवर पान पडलेल्या भित्र्या सशाची गोष्ट आपल्याकडे प्रत्येक मूल ऐकतं. आभाळ पडलं म्हणत तो धावत सुटतो आणि अख्खं रान त्याच्यामागे धावतं. मुलांना सांगताना ही गोष्ट आपण सशाच्या फजितीची करून टाकतो. तिचं जुनं रूप जातककथांत आहे, ३२२ क्रमांकाच्या दद्दभ जातकात, आणि ते वाचल्यापासून मला ही गोष्ट सिंहाची वाटू लागली आहे. तिथला ससा पश्चिम समुद्राजवळच्या ताडांच्या आणि बेलांच्या राईत राहतो. ताडाच्या रोपट्याखाली पडल्या पडल्या तो विचार करतो, की ही पृथ्वीच मोडली तर मी कुठे जाईन? त्याच क्षणी एक पिकलेलं बेलफळ ताडाच्या पानावर पडतं. मागे न बघता ससा पळतो. मग इतर ससे, हरणं, डुकरं, रेडे, गेंडे, वाघ, सिंह, हत्ती. बोधिसत्त्व त्या जन्मी सिंह आहे. हे सगळे असेच धावत जाऊन समुद्रात बुडतील, हे त्याच्या ध्यानात येतं. तो पुढे जाऊन डोंगराच्या पायथ्याशी तीनदा गर्जना करतो, कळप थांबतो. मग तो विचारत विचारत मागे जातो. हत्ती म्हणतात सिंहांना विचार, सिंह म्हणतात वाघांना विचार, असं करत शेवटी तो एकटा ससा सापडतो.

यानंतरचं मला फार आवडतं. सिंह त्याला रागावत नाही. पृथ्वी कधी मोडते का, असं काही समजावतही नाही. त्याला पाठीवर घेतो आणि त्याच जागेकडे परत निघतो. राईजवळ पोचल्यावर ससा म्हणतो, माझी पुढे यायची छाती होत नाही. सिंह त्याला ओढून नेत नाही. ससा लांबूनच जागा दाखवतो, सिंह एकटा पुढे जातो, पानावर पडलेलं फळ बघतो आणि पुन्हा सशाला पाठीवर घेऊन सगळ्यांना सांगायला येतो. जाताना आणि येताना ससा पाठीवरच आहे. अडीच हजार वर्षांच्या परंपरेत ही गोष्ट ज्याने कोणी पहिल्यांदा सांगितली, त्याला भ्यालेल्या जिवाची फार बारीक ओळख असली पाहिजे. आणि ती राई आमच्याच समुद्राच्या काठावर कुठेतरी असावी, धप्पकन पडणाऱ्या झावळ्यांच्या शेजारी, असं मी मनाशी धरून चालते.

आमच्या भागात भुताखेतांची भीती होती हे सांगायला नको. पिंपळावर मुंजा, तिठ्यावर आणखी कोणी. पण दक्षिण कोकणाने आणि गोव्याने या भीतीचं काय केलं ते बघण्यासारखं आहे. भुतांचा राजा मानलेला वेताळ आमच्याकडे वेतोबा झाला आणि गावाची राखण करू लागला. लेखक जयवंत दळवींच्या आरवलीत त्याचं देऊळ आहे. तिथे लोक केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या भल्या मोठ्या वहाणा वाहतात. देव रात्रभर गावाच्या वेशीवरून फिरतो, फिरून त्याच्या वहाणांचे तळ झिजतात, म्हणून नव्या द्याव्या लागतात. लहानपणी त्या वहाणा बघून मी दचकले होते. एवढे पाय असणारा केवढा असेल! आजी म्हणाली, एवढा मोठा आहे म्हणून तर रात्रीचं बरं वाटतं. राखणदार, देवचार यांच्याही गोष्टी अशाच. रात्री अडवाटेला कोणी सापडलं तर पुढे घुंगुरकाठीचा आवाज येतो, त्या आवाजाच्या मागोमाग चालत राहावं, घर येतं. मागे वळून बघायचं नाही, एवढीच अट.

हे सगळं खरं आहे का, असं मला माझ्या भाचीने एकदा विचारलं होतं. मी तिला सांगितलं की घुंगुरकाठी मी ऐकलेली नाही. पण रात्री एकट्याने चालणाऱ्या माणसाला कोणीतरी पुढे चालत आहे असं वाटलं पाहिजे, याची काळजी ज्या समाजाने घेतली तो मला मायाळू वाटतो. ज्याची भीती वाटते त्यालाच पहाऱ्यावर बसवायचं आणि त्याच्या पायांना त्रास होऊ नये म्हणून वहाणा शिवून द्यायच्या, यात भोळेपणा असेल, पण भीतीला घरातलं करून घेण्याची मोठी समजही आहे.

चकव्याचंही तसंच. रात्रीच्या वेळी ओळखीच्या सड्यावरून घरी निघालेला माणूस तासन्‌तास चालतो आणि पुन्हा त्याच आंब्याखाली येतो. वडीलधारी माणसं म्हणायची, चकवा लागला की चालणं थांबवावं, खाली बसावं, उजाडायची वाट बघावी. २००९ साली जर्मनीत ट्युबिंगेनच्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ रेषेत चालायला सांगितलं आणि त्यांच्या वाटा उपग्रहाच्या मदतीने टिपल्या. सूर्य दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ चालली. ढग आल्यावर गोल गोल फिरून स्वतःच्याच वाटेवर परत आली, आणि आपण सरळच चाललो आहोत अशी त्यांची खात्री होती. वाळवंटात रात्री चालणारा एक जण चंद्र मावळेपर्यंत सरळ गेला, मग वळत गेला. हे वाचताना मला आमच्या वाडीतले एक म्हातारे आजोबा आठवले. ते एकदा रात्रभर सड्यावर बसून राहिले होते आणि सकाळी घरी आले तेव्हा लोक त्यांना भित्रे म्हणाले. सड्यावर बसून त्यांनी सगळ्यात शहाणं काम केलं होतं. त्यांना फिरवणारं भूत नव्हतं. फिरणं मात्र खरं होतं.

प्रत्येक भीती पोकळ निघते असं म्हणणं मात्र माझ्या जिभेवर येत नाही. ज्या मुलखात फुरसं पायाखाली येतं आणि भाताच्या पेंढ्यात घोणस असते तिथे काठी आपटणं हे शहाणपणच आहे. लाल विंचवाची भीती तर आमच्या लहानपणी पुरती खरी होती. विंचू उतरवणारा मंत्र टाकायचा, माणूस घामाने भिजायचा, अंग गार पडायचं, फुप्फुसात पाणी व्हायचं आणि पुष्कळदा तो जायचा. १९७६ साली रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर आले, हिंमतराव बावस्कर. विंचवाच्या रुग्णांच्या खाटेशी ते रात्र रात्र बसले, नाडी, रक्तदाब, श्वास लिहीत राहिले, आणि रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे औषध इथे उपयोगी पडतं हे त्यांनी दाखवून दिलं. शंभरातले चाळीस दगावायचे, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. आज कोकणात विंचू चावला तर लोक घाबरतात, पण दवाखान्याची वाट धरतात. एका काळची रास्त भीती पुढच्या पिढीला जवळजवळ विनाकारण वाटावी, इथवर ती आपोआप आली नाही. त्यासाठी कोणीतरी खाटेशेजारी बसून तिच्याकडे टक लावून बघितलं आहे.

तारेचीही आठवण येते. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली, त्याच्या कितीतरी आधी आमच्या गावात तार येणं थांबलं होतं. तार म्हणजे कोणीतरी गेलं, असं समीकरण होतं. मुंबईला गिरणीत किंवा बोटीवर घरटी एक माणूस असायचा. तार इंग्रजीत, वाचता येणारी माणसं मोजकी. आमचे पोस्टमन खाडीच्या बाजूने सायकल ढकलत यायचे. आनंदाची तार असली, मुलगा झाला, नोकरी लागली, तर ते घाटीच्या वळणावरूनच ओरडायचे, "बरी खबर आसा गे!" बाईने हातातलं टाकून छाती धरायच्या आत तिच्या कानावर ते पडलं पाहिजे. मग घर येईपर्यंत सायकल सावकाश. हे काही त्यांच्या कामाच्या नियमात लिहिलेलं नसणार. आणि वाईट तार असली की ते वळणावर गप्प असायचे, सायकल आधी शेजारच्या घराशी लावायचे, तिथल्या माणसाला बरोबर घेऊन दाराशी यायचे.

शहरात आल्यावर माझ्या भीतीची यादी बदलली. रात्री अवेळी वाजणारा फोन. ओळखीचं माणूस फोन उचलत नाही तेव्हा मधली पंधरा मिनिटं. बँकेतून आलेलं, न समजणाऱ्या भाषेतलं पत्र. बाबांना यंत्रातून पैसे काढायची भीती होती. कार्ड आत गेलं की ते परत येणार नाही असं त्यांना वाटायचं. माझ्या मुलाने त्यांना कधी शिकवलं नाही, नुसता दर वेळी बरोबर जाऊन काचेच्या दारापाशी, रस्त्याकडे तोंड करून उभा राहायचा, बाबांना नीट वेळ मिळावा म्हणून. हळूहळू ते एकटे जायला लागले.

आणि मग एका वर्षी माझ्याच छातीत गाठ हाताला लागली. सोनोग्राफी झाली, सुईने नमुना घेतला गेला आणि रिपोर्टला काही दिवस लागतील असं सांगितलं गेलं. त्या दिवसांत माझं डोकं रात्री फार लांबवर जायचं. मुलाचं शिक्षण, कपाटातल्या साड्या कोणाला, नवऱ्याला कुकरच्या किती शिट्ट्या ते ठाऊक नाही. ज्या अनर्थाची अजून खात्री नव्हती तो मी सगळा जगून घेत होते. समजावणारे होते. बहुतेक गाठी साध्याच असतात, हे डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं आणि ते खरं आहे. पण रात्री तीन वाजता 'बहुतेक' हा आधार फार पातळ पडतो.

जाऊबाई न सांगता आल्या. येताना मोड आलेले कडवे वाल घेऊन आल्या, पातेलंभर. "एकटीने सोलायचा कंटाळा येतो," म्हणाल्या. कोमट पाण्यात वाल घातले आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात खाली बसून सोलत राहिलो. वाल सोलायला घाई चालत नाही. मोडाच्या बाजूने हलकेच दाबायचं, साल सुटते, दाणा न तुटता बाहेर आला पाहिजे. बोटं कडवट होतात. त्यांनी रिपोर्टचा विषय काढला नाही. कांद्याचे भाव, त्यांच्या गच्चीवर आलेला सुगरणीचा थवा, सासूबाईंच्या हातची बिरड्याची उसळ. मध्येच मला रडू आलं तेव्हा त्या थांबल्या, ओल्या हातानेच माझा गुडघा धरला, आणि थोड्या वेळाने पुन्हा सोलायला लागल्या. त्या संध्याकाळी गाठ कमी भयंकर झाली नव्हती. मी तिच्यासमोर एकटी बसले नव्हते, एवढंच.

रिपोर्ट चांगला आला. घरात पेढे आणले गेले. सगळे म्हणाले, उगाच घाबरलीस. मी मान हलवली, पण मला ते मनातून पटलं नाही. त्याच दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या एका बाईचा रिपोर्ट तसा आला नव्हता. माझी भीती आणि तिची भीती आदल्या दिवशीपर्यंत एकाच मापाच्या होत्या. पाकीट उघडल्यावर एक निराधार ठरली आणि दुसरी रास्त, यात आमच्या दोघींच्या धीटपणाचा किंवा भित्रेपणाचा काही संबंध नव्हता. ती बाई पुढे कशी आहे ते मला माहीत नाही. तिच्यासोबत तिची लहान बहीण होती आणि तिने तिची पिशवी, छत्री, कागद, सगळं आपल्या मांडीवर घेतलं होतं.

आपल्याकडे भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, आणि भित्र्या माणसाला ते ऐकवतातही. मला ते ऐकवणं आवडेनासं झालं आहे. कोणी म्हणालं की मला लिफ्टची भीती वाटते, कुत्र्याची वाटते, चार लोकांसमोर बोलायची वाटते, तर त्यात काय घाबरायचं, असं विचारण्यापेक्षा मी येऊ का बरोबर, असं विचारावं. अर्ध्या वेळा तो माणूस नको म्हणतो आणि एकटाच जातो. तेवढ्या विचारण्यानेही काहीतरी हललेलं असतं.

माझी भाची पुण्यात नोकरी करते. तिचं काम परदेशी वेळेनुसार चालतं, त्यामुळे घरी परतायला रात्रीचे दोन वाजतात. कंपनीची गाडी असते, चालक ओळखीचा, रस्ता रोजचा. तरी निघताना ती मला फोनवर तिचं लोकेशन पाठवते. मी अंथरुणात बसून त्या नकाशावरचा ठिपका बघत राहते. कधी एखाद्या सिग्नलला तो नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबतो आणि माझा श्वास अडकतो. मग तो सरकतो. तिचं घर येतं, ठिपका थांबतो, तिचा 'पोचले' असा निरोप येतो. आजवर प्रत्येक रात्री पोचली आहे. मुलींनी रात्री एकटं असण्याची भीती निव्वळ मनाची आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि त्या भीतीपायी तिने ही नोकरी सोडावी असंही मला वाटत नाही. या दोन्हींच्या मध्ये आम्ही दोघी तो ठिपका धरून बसतो.

"मावशी, तू झोपत जा गं," ती म्हणते. "काही होत नाही."

"होत नाही, माहीत आहे मला," मी म्हणते.

पुढच्या महिन्यात तिची बदली बंगळुरूला होते आहे. तिथे तिच्यासोबत कोल्हापूरची एक मुलगी राहणार आहे. तिच्याही पाळ्या रात्रीच्याच. दोघींनी ठरवलं आहे की उशिरा निघणारीने लवकर पोचलेलीला लोकेशन पाठवायचं, आणि लवकर पोचलेलीने ती येईपर्यंत दिवा मालवायचा नाही. त्या मुलीला मी अजून पाहिलेलं नाही. तिचा नंबर मात्र मागून घेतला आहे.